क्रॉलर घसरतोय? नवे टायर सगळ्यात शेवटी घ्या

रिमोटवरचा रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळू चढणारी छोटी गाडी, नवीन घेतलेला माणूस दोन-तीन रविवारांत हमखास एक प्रश्न विचारतो, "गाडी दगडावर घसरते, कुठले टायर टाकू?" मीही विचारला होता. उत्तरादाखल बाहेरून महागडे टायर मागवले, कस्टमची ड्युटी भरली, आणि पुढच्या रविवारी गाडी आधीपेक्षा जास्त घसरली. टायर उत्तम होते. त्यांच्या आत मी जुन्या टायरमधला फोम तसाच कोंबला होता, तो आखूड पडला. तिरक्या दगडावर टायरची कड आत दुमडायची आणि गाडी कुशीवर पडायची. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पकड टायरच्या आत काय आहे, टायरवर वजन किती आहे आणि चाक किती हळू फिरतं यावर आधी ठरते, रबरावर नंतर. म्हणून खालचा क्रम तसाच पाळा. पहिल्या तीन पायऱ्यांना, रिम बदलावी लागली नाही तर, खर्च जवळजवळ नाही.

हे सगळं १/१० मापाच्या, १.९ इंची रिमच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, म्हणजे एससीएक्स१०, टीआरएक्स-४ आणि त्यांची भावंडं. १/२४ च्या पिटुकल्या गाड्यांना तत्त्व तेच लागू होतं, वजनाचे आकडे मात्र नाहीत.

आधी मोजमाप

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीजवळ एक काळा, फुगीर पाठीचा धोंडा आहे. आम्ही त्याला 'म्हैस' म्हणतो. तिच्या पाठीवर गाडी जिथून घसरायला लागते तिथे मी खडूने रेघ मारतो. बदल केला की पुन्हा त्याच वाटेने, त्याच वेगाने चढवायची. रेघ वर सरकली तर बदल कामाचा. तुमच्या जवळ असा एक ठरलेला दगड शोधा, नाहीतर "आज बरी चढली बुवा" यापलीकडे काही कळत नाही.

घरी करायचं असेल तर मीटरभर लांबीची प्लायची पट्टी घ्या आणि तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. गाडी चालू करून, ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडला की चाकं अडवून धरणारा ब्रेक) लावलेल्या अवस्थेत, तोंड वर करून तिच्यावर ठेवा आणि पट्टीचं एक टोक हळूहळू उचला. १०० सेंटिमीटरच्या पट्टीचं टोक ६४ सेंटिमीटर वर गेलं की ४० अंशांचा चढ होतो, ७१ ला ४५ अंश, ७७ ला ५० अंश. मोबाइलमधला कोनमापक वापरलात तर एवढाही हिशेब नको. पाच वेळा करा आणि मधला आकडा धरा. गाडीच्या मागे हात ठेवा, कारण काही गाड्या घसरण्याआधीच उलट्या पडतात. त्याचं कारण वजनाच्या भागात येईल.

पायरी १ : धुवा आणि खरवडा

नवा टायर साच्यातून निघताना चिकटू नये म्हणून साच्याला तेलकट काहीतरी लावलेलं असतं. तो थर टायरवर राहतो. बोटाने घासून पाहा, निसरडं लागेल. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घ्या आणि नक्षीच्या फटीफटीतून घासा. रिमला भोकं असतील तर त्यांवर आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर आतला फोम पाणी पिऊन बसेल.

टायर वाळले की ८० नंबरच्याच पॉलिश पेपरने वरची चकाकी घालवा. पाट्याला टाकी लावतात ना, तसंच. रबर झिजवायचं नाही, फक्त कातडी खरखरीत करायची. जुन्या टायरलाही हे लागू आहे. उन्हात आणि हवेत रबराचा वरचा पापुद्रा कडक होतो आणि खालचं मऊ रबर कामाला येतच नाही.

एक इशारा. काही जण टायर मऊ करायला पेट्रोल किंवा थिनर चोळतात. मीही एकदा थिनर लावून पाहिला. तासभर टायर चिकट झाला, आठवड्याने तडकला.

आणि धूळ. आपल्याकडे दगड म्हणजे बहुतेक बेसॉल्ट. नुसता कातळ पकडायला चांगला असतो, पण त्यावर मुरमाची आणि मातीची बारीक पूड बसलेली असते. मऊ, चिकट टायर या पुडीत रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखा घोळला जातो, आणि मग दगडाला रबर लागतच नाही, पूडच लागते. मी पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि एक फडकं बरोबर ठेवतो. दर वीसेक मिनिटांनी टायर पुसतो. 'म्हशी'वरची रेघ नुसत्या पुसण्याने वीतभर वर गेलेली मी पाहिली आहे.

पायरी २ : हवेला वाट द्या

क्रॉलरच्या टायरमध्ये हवा भरलेली नसते. टायर उभा राहतो तो फोमच्या जोरावर, आणि दगडाच्या कंगोऱ्याभोवती तो वाकावा अशीच अपेक्षा असते. वाकायचं तर आतली हवा बाहेर जायला हवी. सगळीकडून बंद असलेला टायर फुग्यासारखा वागतो, दाबलं की उसळतो.

टायर अंगठ्याने जोरात दाबा आणि कान लावा. फुस्स आवाज येऊन टायर सहज बसला, तर वाट आहे. नसेल तर मोच्याकडे चामड्याला भोक पाडायचा पंच असतो त्याने टायरच्या बरोबर मध्यावर, दोन नक्षीठोकळ्यांच्या मधल्या खाचेत ३ मिलिमीटरचं भोक पाडा. दुसरं भोक समोरासमोर, १८० अंशांवर. खिळा तापवून भोक पाडू नका. कड वेडीवाकडी होते आणि तिथूनच टायर फाटत जातो.

रिमला भोकं असतील तर टायरला कशाला, असं वाटेल. कोरड्यात एकाने भागतं. पाण्यात गाडी घालणार असाल तर टायरचीच भोकं बरी, कारण चाक फिरताना पाणी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. रिमच्या भोकांतून आत शिरलेलं पाणी फोममध्येच मुरतं. अशा वेळी रिमची भोकं आतून चिकटपट्टीने बंद करायची.

पायरी ३ : फोम

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

आधी टायर उघडायला हवा. बीडलॉक रिम (टायरला गोंदाऐवजी स्क्रूच्या कड्याने धरणारी) असेल तर सोपं, गोल कड्याचे स्क्रू काढायचे आणि टायर हातात. बऱ्याच तयार गाड्यांत मात्र टायर रिमला चिकटवलेले असतात. ते चाक उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की गोंद ढिला पडतो, मग हातमोजे घालून कडेकडेने सोडवायचा. भांडं स्वयंपाकाचं नको, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. आमच्या घरी यावरून झालेलं आहे. एकदा सोडवल्यावर पुन्हा चिकटवण्यापेक्षा बीडलॉक रिमच घ्या. टायरवर करायचा पहिला खर्च हाच.

आता बघायचं ते हे, की टायरचा किती भाग जमिनीला लागतो. काळ्या कडप्प्यावर चाळणीने रांगोळीचा पातळ थर भुरभुरवा, गाडी पूर्ण सामानासकट, बॅटरी लावून, वरून अलगद त्यावर ठेवा आणि सरळ उचला. चारही चाकांचे ठसे स्वच्छ दिसतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आई म्हणाली, "दारापुढे काढ म्हटलं तर जमत नाही, आणि गाडीखाली बरी जमते!" पण त्या ठशांनी जे दाखवलं ते वर्षभरात कळलं नव्हतं. पुढच्या दोन्ही टायरच्या फक्त मधल्या ओळीतले दोन-दोन ठोकळे टेकत होते. कडेचे ठोकळे हवेत.

ठसा अरुंद आणि मधोमध असेल तर फोम टायरच्या मानाने मोठा किंवा कडक आहे, टायर टरारून फुगलाय. ठसा रुंद आहे पण मधे पुसट आणि दोन्ही कडांना गडद, तर फोम लहान किंवा फार मऊ, म्हणजे टायर खचतोय. माझ्या त्या महागड्या टायरांचं हेच झालं होतं. हवा तो ठसा पूर्ण रुंदीचा आणि एकसारखा.

मग तिरप्या पाटावर गाडी आडवी उभी करा, तीसेक अंशांवर. खालच्या बाजूच्या टायरची भिंत रिमखाली दुमडली तर फोम आणखी घट्ट हवा. सपाटीवर मऊ आणि उतारावर ताठ, या दोन्ही मागण्या एकाच फोमकडून पुऱ्या होत नाहीत. म्हणून दोन थरांचा फोम असतो. आत रिमला लागून कडक, बंद पेशींचा थर, आणि त्यावर मऊ, उघड्या पेशींचा. वरचा थर दगडाचा आकार घेतो, आतला गाडीला तोलून धरतो. असा तयार मिळतो, पण भारतात मिळवणं खर्चिक पडतं. घरी करायला तासभर लागतो:

आतल्या थराला ६ मिलिमीटर जाडीची ईव्हीए फोमची जुनी योगा मॅट चालते. टायरच्या आतल्या रुंदीएवढ्या पट्ट्या कापा. ४८ मिलिमीटर व्यासाच्या रिमला पहिला वेढा साधारण १५ सेंटिमीटरचा, दुसरा १९ चा. तुमच्या रिमच्या मधल्या ड्रमचा घेर दोऱ्याने मोजून घ्या, तो कंपनीगणिक बदलतो. रबराच्या गोंदाने टोकाला टोक जोडा, एकावर एक चढवू नका, नाहीतर चाकाला टेंगूळ येतं. वर गादीवाल्याकडचा मऊ फोम, १५ मिलिमीटर जाडीचा, सुमारे २२-२३ सेंटिमीटर लांब. १२० मिलिमीटर उंचीच्या टायरला एवढं पुरतं. टायर लहान असेल तर वरचा थर कमी करा, आतला नाही. सांधा दोन्ही थरांचा एकाच जागी येऊ देऊ नका.

फोम टायरमध्ये बसवताना सुरकुती राहिली तर तिथे टायर कायमचा चपटा राहतो. बीडलॉकचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. प्लॅस्टिकच्या रिमचे आटे लगेच जातात.

मऊ फोम अजूनही जरा कडक वाटला तर बाहेरच्या बाजूने कात्रीने त्रिकोणी खाचा काढता येतात, वरून पाहिलं तर चांदणीसारखा दिसतो. आठ खाचांपासून सुरुवात करा. कापलेलं परत जोडता येत नाही.

पायरी ४ : वजन कुठे आहे?

स्वयंपाकघरातला काटा घ्या. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची दोन काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर. आकडा लिहा. मग उलटं.

माझी गाडी २७०० ग्रॅम भरली, पुढे १३५० आणि मागे १३५०. म्हणजे बरोबर निम्मं-निम्मं. ऐकायला छान, चढायला वाईट. चढावर वजन मागे सरकतं. चाकांमधलं अंतर ३१३ मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १० सेंटिमीटर धरला, तर ४५ अंशांच्या चढावर निम्म्या-निम्म्या गाडीत पुढच्या चाकांवर एकूण दाबाचा जेमतेम १८ टक्के उरतो. ८२ टक्के भार मागची दोन चाकं झेलतात. पुढचे टायर कितीही चांगले असू द्यात, ते दगडाला नुसते शिवत असतात. ५७ अंशांच्या आसपास अशी गाडी मागे उलटते.

मी दोन गोष्टी केल्या. बॅटरी मागून काढून पुढच्या आसाच्या वर नेली, त्याने पुढे १२० ग्रॅम वाढले, फुकटात. आणि पुढच्या प्रत्येक चाकात ८० ग्रॅम घातले. आता एकूण २८६० पैकी पुढे १६३०, म्हणजे ५७ टक्के. त्याच चढावर पुढच्या चाकांवरचा वाटा १८ वरून २५ टक्क्यांवर गेला. उलटण्याचा कोनही ६१ अंशांच्या जवळ आला, आणि चाकातलं वजन सगळ्यात खाली असल्याने गुरुत्वमध्य उतरला तो फायदा वेगळा.

पितळी नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा), पितळी कव्हर वगैरे दिमाखदार वस्तू मिळतात. मोटारीच्या टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगसाठी ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या वापरतात, त्या त्याच कामाच्या आणि कितीतरी स्वस्त. रिमच्या ड्रमभोवती, फोमच्या खाली, सारख्या अंतराने चिकटवा आणि वरून चिकटपट्टीचा वेढा द्या. पट्टी शिशाची असेल तर हात धुवा. आणि पोरांना कामाला लावू नका.

वजन घालायचं ते चाकात किंवा आसावर, स्प्रिंगच्या खाली. चेसीवर, त्यातून छतावर अजिबात नको. छतावरचा तो शोभेचा कॅरिअर, जेरीकॅन, दोरखंड फोटोपुरता ठेवा. मी चढावर जाताना काढून खिशात टाकतो, आणि बरोबरचे लोक हसतात.

प्रत्येक गोष्टीला किंमत असतेच. पुढे वजन वाढलं की सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, ताण येतो. दोन दगडांच्या फटीत अडकलेलं चाक वळवताना सर्व्हो कुंथायला लागला तर आधी तो बदला, मग वजन वाढवा. उतारावर गाडी पुढे जड म्हणजे नाकावर आपटण्याची शक्यता जास्त. ६० टक्क्यांच्या पुढे मी जात नाही.

आता फोमकडे परत या. मागच्या चाकांवर चढावर एवढा भार येतो, म्हणून मागचा फोम पुढच्यापेक्षा किंचित घट्ट ठेवायचा. वजन बदललं की रांगोळीचा ठसा पुन्हा घ्या.

पायरी ५ : अंगठा आवरा

चाक जागच्या जागी गरगरलं की पकड सुटली. फिरणारं चाक दगडावरची पूड रबरात भरतं, दगड घासून गुळगुळीत करतं आणि नंतर येणाऱ्याचीही वाट बिघडवतं. रिमोटवर पुढच्या दिशेचा जास्तीत जास्त थ्रॉटल ६० टक्क्यांवर मर्यादित करा. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीत) ड्रॅग ब्रेक पूर्ण ठेवा, म्हणजे बोट सोडलं तरी गाडी चढावर रुतून उभी राहील. मोटरचा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दात लहान केला तर हळू चालवणं आणखी सोपं होतं.

स्प्रिंग मऊ हव्यात. गाडी जमिनीवर ठेवली की शॉकच्या एकूण प्रवासाचा तिसरा हिस्सा वापरला गेलेला असावा, म्हणजे खड्ड्यावरून जाताना चाक खाली लोंबून जमीन गाठतं. हवेतल्या टायरला कसली पकड!

पायरी ६ : ब्लेड

स्वस्त गाड्यांचे टायर मुळातच कडक रबराचे असतात. त्यांना नवी धार देता येते. कागद कापायच्या कटरचं नवं ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवून प्रत्येक ठोकळ्यावर आडवी एक चीर द्या, ठोकळ्याच्या निम्म्या उंचीपर्यंतच. चिरेमुळे ठोकळा दोन पाकळ्यांसारखा उघडतो आणि दगडाच्या बारीक खाचेत शिरतो. आधी एकाच टायरवर करून पाहा, ब्लेड नेहमी अंगापासून लांब ओढा. कडेचे ठोकळे एकाआड एक पूर्ण कापून टाकणारेही आहेत. त्याने चिखल लवकर झडतो, पण आपल्या कोरड्या कातळावर मला फायदा दिसला नाही.

मुळात मऊ असलेल्या टायरला चिरा देऊ नका. ठोकळे एका मोसमात तुटून पडतात.

आणि मग टायर

एवढं करून 'म्हशी'च्या माथ्यावर पोचला नाहीत, तर आता टायर घ्या. नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा आधी पाहा. एकाच कंपनीचा एकच टायर दोन-तीन मिश्रणांत येतो. उदाहरणार्थ प्रो-लाइनचं प्रेडेटर हे जी८ पेक्षा मऊ. जास्त मऊ म्हणजे कोरड्या, स्वच्छ कातळावर उत्तम, धुळीत कटकटीचं आणि झिजायला लवकर. मी जी८ सारखं मधलं घेतो, कारण आमची टेकडी आठ महिने धुळीची असते. कोकणात किंवा गोव्यात जांभ्यावर चालवणाऱ्यांनी तर फार मऊ घेऊच नये. जांभा खरखरीत आणि छिद्राछिद्रांचा, पकड तोच देतो. वर मऊ रबराचा कीस करतो.

उंच टायरने दगड सहज ओलांडता येतो, पण गाडीही उंच होते आणि बॉडीला घासतो. १२० मिलिमीटरच्या वर जायचं तर बॉडी कापायची तयारी ठेवा. नवा टायर आला की पहिल्या पायरीपासून पुन्हा: धुवा, खरवडा, भोकं तपासा, फोम त्याच्या मापाचा करा.

पावसाळ्याबद्दल थोडं. धुतलेला ओला कातळ वाईट नसतो, कधी कधी धूळ गेल्यामुळे उन्हाळ्यापेक्षा बरा चढतो. पण हिरवं-काळं शेवाळ धरलेल्या दगडावर कुठलंच रबर चालत नाही, तिथे वाटच बदला. गवतात उगवलेल्या रोपांवरून गाडी नेऊ नका, टेकडी सगळ्यांची आहे. घरी आल्यावर एक-एक चाक हातात घेऊन जोरात दाबा. भोकातून पाणी आलं तर बीडलॉक उघडून फोम सावलीत वाळवा. उन्हात नको. ओल्या फोमची चाकं तशीच ठेवली की चार दिवसांनी गाडीच्या पिशवीला असा वास येतो की घरात प्रश्न विचारले जातात. ठेवताना गाडी चेसीखाली लाकडी ठोकळा देऊन, चाकं अधांतरी राहतील अशी ठेवा, नाहीतर पुढच्या रविवारी चारही टायर एका बाजूने चपटे निघतात.